शिक्षकांचे समाधान: निनावी प्रश्नावली की मुलाखत?

सरकारी माध्यमिक शाळेतील शिक्षक कामाच्या परिस्थितीबाबत कितपत समाधानी आहेत, हे जाणण्यासाठी प्रश्नावली वाटावी की मुलाखती घ्याव्यात, असा पेच एका मुख्याध्यापकांना पडला आहे.

मोकळेपणाच्या निकषावर निनावी प्रश्नावली सरस ठरते, कारण तासिकांचे वाटप आणि कामाचे मूल्यमापन ज्यांच्या हाती असते, त्यांच्यासमोर सहसा कोणी मनातले बोलत नाही. मात्र विषय आणि सेवेची वर्षे विचारली, की शाळेतील एकमेव संगीतशिक्षक नाव नसतानाही ओळखू येतो. असे रकाने सरळ वगळावेत.

श्रमही प्रश्नावलीतच कमी लागतात.

खरा फरक पडतो तो उत्तरांच्या खोलीत. मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या, ठरावीक टप्प्यांपैकी एकावर खूण करायच्या श्रेणीत एखाद्याने ‘असमाधानी’वर खूण केली, तरी कारण वर्गातील पटसंख्या आहे की मोकळ्या तासिकेत वारंवार माथी मारला जाणारा गैरहजर सहकाऱ्याचा वर्ग, हे त्या खुणेवरून कळत नाही. शिवाय मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडल्याप्रमाणे, असमाधानाची कारणे दूर केल्याने समाधान आपोआप निर्माण होत नाही. त्यामुळे दोन्ही एकत्र मोजणारा ‘एकंदरीत समाधानी आहात का?’ हा प्रश्न (जो हमखास विचारला जातो) फारसा कामाचा नाही.

शिक्षकवर्ग मोठा असेल आणि दरवर्षीची तुलना हवी असेल, तर प्रश्नावली घ्यावी. शिक्षक मोजकेच असतील, किंवा तक्रार ठाऊक असून तिचे मूळ शोधायचे असेल, तर मुलाखत योग्य. फक्त ती शाळेबाहेरच्या व्यक्तीने घ्यावी.