पांढऱ्या रस्स्याच्या वाटीला पन्नास रुपये

कोल्हापुरात कुणी पांढऱ्या रस्स्याच्या वाटीचे वेगळे पैसे लावतं, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. गेल्या महिन्यात तसलं बिल माझ्याच हातात पडलं. १८ वाट्या, ९०० रुपये.

आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली. बाबांचा हट्ट होता, घरीच करू, मटण मी आणतो. पण त्या दिवशीही आईनं खोबरं-तीळ वाटत बसायचं, हे मला पटेना. गडहिंग्लजची आत्या, कागलचे काका, पुण्याची बहीण, पोरं धरून २६ माणसं. आमच्या नेहमीच्या खानावळीत रविवारी रात्री नंबर लावून बाहेर उभं राहावं लागतं, आणि बाबांचे गुडघे आता ते ऐकत नाहीत. म्हणून मोबाईलवर बघून एक नवीन फॅमिली रेस्टॉरंट निवडलं. तळमजल्यावर हॉल, झगमगीत फोटो, भरभरून पाच स्टार. नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून पुरती मिटलेली नाही.

मॅनेजर तोंडानं गोड. "आक्का, हॉलचं काय घ्यायचं न्हाई. रस्सा पोटभर. घरचंच कार्य समजा." मटण ताट ४२०, शाकाहारी २८०, पोरांना हाफ ताट २००. मी मनातल्या मनात हिशोब केला: १७ मटण, ५ शाकाहारी, ४ हाफ, म्हणजे ९३४०. ३००० ॲडव्हान्स मागितला, तोही "भाऊंच्या नंबरवर टाका, काउंटरचा क्यूआर आज चालंना." टाकला. लेखी काही मागितलं नाही. घरचं कार्य म्हणणाऱ्या माणसाकडे कागद कसा मागायचा, अशी उगाच लाज वाटली.

जेवण वाईट नव्हतं, हे खरं सांगायला हवं. सुक्कं चांगलं होतं, तांबड्याला तवंग होता. बसल्या बसल्या टेबलावर पाण्याच्या सीलबंद बाटल्या आल्या, झाकणं फिरवूनच ठेवली. रस्सा दोनदा आपणहून आला. मग काकांनी पांढरा मागितला, आत्यानं तांबडा, आणि वाढपी दर वेळी मान डोलावत गेला. मधेच एकानं येऊन सांगितलं, पाच स्टार द्या, गुलाबजाम फ्री. बिल यायच्या आधीच भाच्यानं देऊनही टाकले.

बिल कधी आलं ते बघा. आई-बाबा दारात चपला घालत होते, आत्या पान लावत होती, रिक्षावाला हॉर्न मारत होता. तेव्हा. ही वेळ चुकून साधलेली नसते, असं माझं आता ठाम मत आहे. सगळ्या पाहुण्यांसमोर, आईच्या नव्या पैठणीसमोर कोण वाद घालणार?

पोरांची चारही ताटं फुल लावलेली. पाणी १४ बाटल्या, ४० प्रमाणे ५६०. हॉल व डेकोरेशन १५००. डेकोरेशन म्हणजे आम्हीच नेलेले फुगे. रस्सा ९००. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, त्यावर पाच टक्के जीएसटी. एकूण १५,२२३, आणि ॲडव्हान्सचा उल्लेखच नाही. "भाऊ घरी गेले आक्का, त्यांनाच विचारावं लागंल."

मी यूपीआयचा मेसेज दाखवला तेव्हा ३००० वजा झाले. सर्व्हिस चार्ज मला माहीत होता: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या सूचनांप्रमाणे तो आपोआप बिलात लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना कायम ठेवल्या. एवढं म्हटल्यावर तो मुकाट्यानं खोडला. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. बाकीच्यावर मात्र "असंच ठरलंय" एवढंच उत्तर. तोवर बाबा आत डोकावून म्हणाले, "काय झालं गं?" मी "काही नाही" म्हटलं आणि १०,८३९ भरले. ॲडव्हान्स धरून माझ्या हिशोबापेक्षा ४४९९ जास्त.

घरी येऊन फॅमिली फोटो बघताना मागच्या भिंतीवरची फ्रेम दिसली. मोठी करून बघितली, तर जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र. २७ नं सुरू होणारा नंबर, जो आमच्या बिलावर कुठेच नव्हता. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला, तर करदाता 'कंपोझिशन'वाला निघाला. या योजनेत हॉटेलवाल्यानं उलाढालीवरचा कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. गिऱ्हाईकाकडून जीएसटी घेताच येत नाही. तसं बिलाच्या माथ्यावर छापायचंही असतं. म्हणजे आमचे ६५९ रुपये कर म्हणून घेतले, पण तो कर नव्हताच.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. बिल, मेसेज, फोटो सगळं दिलं. बारा दिवसांनी ६५९ परत आले. बाकीचे नाही आले, कारण हॉल फुकट, रस्सा पोटभर, पोरांना हाफ, यातलं माझ्याकडे कागदावर काय होतं? काहीच नाही. पाण्याचं तर मी भांडूही शकत नाही. हॉटेलात बसून पितो त्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ सालीच सांगितलंय. बाटल्या आल्या तेव्हाच "साधं पाणी द्या" म्हणायला हवं होतं.

आता कुणी कार्यासाठी हॉटेल विचारलं, की मी सांगते: ताटाचा भाव, हाफ ताट, हॉल, रस्सा, सगळं व्हॉट्सॲपवर एका मेसेजात लिहून पाठवा आणि त्यांच्याकडून 'हो' लिहून घ्या. ॲडव्हान्स दुकानाच्याच क्यूआरवर टाका. आणि बिल जेवण चालू असतानाच मागवा, आत्याचं पान लागायच्या आधी. भाच्याला अजून ते पाच स्टार काढायला जमलेले नाहीत. आईच्या मोबाईलवरून दिले होते, आणि तिचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही.