सतरा लाल शेरे

माहीममधली आमची इमारत 1988 सालची. गेल्या जूनमध्ये शेजारच्या इमारतीत मीटरबॉक्स जळाला, जिना धुराने भरला, आणि तिसऱ्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात येऊन पडली: घराच्या वायरिंगची तपासणी, 499 रुपये, लेखी रिपोर्टसह. वीज पुरवणाऱ्या बेस्टचं काम मीटरपर्यंत, मीटरच्या पुढचं ज्याचं त्याने बघायचं. त्यात सगळे घाबरलेले. मीही नाव दिलं.

आलेला माणूस तिशीतला, नीटनेटका, शर्टावर कंपनीचं नाव शिवलेलं. आप्पांना "काका, तुम्ही बसा निवांत" म्हणाला, तिथेच अर्धा घरचा झाला. मेन बंद करून त्याने डीबीचं (घरभर वीज वाटणाऱ्या खटक्यांच्या पेटीचं) झाकण काढलं, मेगर (वायरवरचं आवरण, म्हणजे इन्सुलेशन, शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) काढून त्याची एक वायर फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेला लावली, दुसरी न्यूट्रलला, म्हणजे ती परत नेणाऱ्या तारेला, आणि बटण दाबलं. आकडा आला 0.00. मला मुद्दाम जवळ बोलावून दाखवला.

"साहेब, कमीत कमी एक मेगाओहम पाहिजे. तुमच्याकडे शून्य. इन्सुलेशन संपलंय."

मी कॉमर्सचा माणूस. शून्य ऐकून पोटात गोळा आला. फ्रिजचा प्लग भिंतीत होता, दिव्या-पंख्यांची बटणं चालूच होती, हे मला समोर दिसत होतं. त्याचा या आकड्याशी संबंध असतो, एवढंच ठाऊक नव्हतं. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये एखादं उपकरण जोडलेलं असलं की मेगरला त्यातूनच वाट मिळते आणि आकडा शून्यावर येतो, मग वायर कालच ओढलेली का असेना. खोटा मेगर आणायची गरज नव्हती. खराच होता, फक्त लावला तसा.

रिपोर्टमध्ये सतरा शेरे, सतराही लाल अक्षरांत, प्रत्येकापुढे ‘धोका’. स्विच पिवळे पडलेत, धोका. लाकडी बोर्ड, धोका. एमसीबीवर (डीबीतल्या खटक्यांवर) नावं लिहिलेली नाहीत, धोका. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) नाही, धोका. अठरावी ओळ तेवढी हिरवी: ‘अर्थिंग ठीक.’ कामाचे 52,000 सांगितले, 30,000 आगाऊ. मी बसल्या जागी यूपीआय केलं. घासाघीससुद्धा केली नाही, जी मी दादरला भाजी घेतानाही सोडत नाही.

चार दिवसांत हॉलचं वायरिंग बदललं, चकचकीत स्विच आले, नवा डीबी, त्यात आरसीसीबी. पहिल्याच संध्याकाळी बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन लावला की आरसीसीबी पडायची. फोन केला तर तो लगेच आला (उरलेले 22,000 द्यायचे होते ना) आणि दहा मिनिटांत "अ‍ॅडजस्ट" करून गेला. पुन्हा कधी पडली नाही. मी पैसे दिले आणि वर चहाही पाजला.

तीन आठवड्यांनी एका सकाळी बायको बाथरूममधून ओरडली. गीझर चालू होता आणि नळाला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. त्या माणसाचा फोन तोवर बंद झालेला. मग गल्लीतल्या जुन्या वायरमन भाऊंना बोलावलं, ज्यांना मी जूनमध्ये ‘यांच्याकडे कुठे लेखी रिपोर्ट असतो’ म्हणून टाळलं होतं.

भाऊंनी पहिल्यांदा गीझरचा सॉकेट उघडला. वरच्या मोठ्या पिनेचा, म्हणजे अर्थचा, स्क्रू रिकामा. हिरवी वायर मागे डब्यात टोक गुंडाळून पडलेली, टेपवर धुळीचा थर. म्हणजे ती कित्येक वर्षं तशीच होती, आणि ‘अर्थिंग ठीक’ लिहिणाऱ्याने हा सॉकेट उघडलेलाच नव्हता. तपासणीच्या वेळी घरात खरा धोका हा एवढा एकच. गीझरच्या एलिमेंटमधून (पाणी तापवणाऱ्या कॉइलमधून) करंटही गळायला लागला होता.

नंतर त्यांनी आरसीसीबीचं टी लिहिलेलं, टेस्टचं बटण दाबलं. खट्ट करून खटका पडला. आणि आमच्या डोक्यावरचा पंखा फिरतच राहिला.

भाऊ काही बोलले नाहीत, पंख्याकडे बघत राहिले. नव्या वायरिंगमध्ये त्या पठ्ठ्याने एक्झॉस्टचा न्यूट्रल आरसीसीबीच्या अलीकडून घेतला होता. गेलेला करंट त्याच वाटेने परत आला नाही की 30 मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी गळती समजून पडते, तशी ती पडत होती. चूक शोधण्याऐवजी त्याने घराच्या वायरी आरसीसीबीला वगळून सरळ वीज आत येणाऱ्या बाजूला जोडून टाकल्या. आरसीसीबी भिंतीवर शोभेला.

जुन्या वायरिंगचं काय? बेडरूमला त्याने हात लावलेला नव्हता. भाऊंनी सगळे प्लग काढले, दिवे उतरवले, फेज-न्यूट्रल एकत्र करून 500 व्होल्टवर अर्थशी मोजलं. 140 मेगाओहम. हॉलमधून काढलेल्या वायरचा तुकडा माळ्यावर होता. भाऊंनी तो बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला, कुठे तडा नाही. "ही अजून वीस वर्षं गेली असती," म्हणाले. नव्या वायरवर आयएसआयचा छापही नव्हता.

इंग्लंडात लेस्टरला असलेल्या मावसभावाला रिपोर्टचा फोटो पाठवला, तो याच कामात आहे. त्याचा पहिला प्रश्न: "सगळे एकाच रंगात कसे?" तिकडे प्रत्येक दोषाला कोड द्यावा लागतो. सी1 म्हणजे धोका आत्ता समोर आहे, सी2 म्हणजे पुढे होऊ शकतो, सी3 म्हणजे सुधारलं तर बरं. 2004 पासून तिकडे वायरींचे रंग बदलले, पण जुन्या लाल-काळ्या दिसल्या म्हणून कोणी दोष लिहीत नाही. त्याच्या मते आमच्या पिवळ्या स्विचना कोडच नाही, बिनअर्थचा गळका गीझर मात्र सी1. आणि सी1 सापडला तर तपासणाऱ्याने तो जागेवरच सुरक्षित करायचा असतो. आमच्याकडे सतरा वेळा धोका लिहिणारा माणूस मेन चालू करून, कोकम सरबत पिऊन गेला होता. मला संशय यायला तेवढंही पुरलं नाही.

भाऊंनी अर्थ जोडली, न्यूट्रल शोधून जागेवर आणला, आरसीसीबी पुन्हा कामाला लावली. मजुरी 900 रुपये, एलिमेंटचे वेगळे. त्या माणसाकडे वायरमनचा परवाना होता का, हे मी विचारलंच नव्हतं. काम झाल्यावर परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट मागायचा, हेही भाऊंकडून तेव्हा कळलं.

आमच्या इमारतीत त्याच माणसाने आणखी चार घरांत काम केलंय. रविवारी मी भाऊंना घेऊन चारही घरं फिरलो, टी दाबत. तीन घरांत अंधार झाला. दुसऱ्या मजल्यावर टीव्ही चालूच राहिला.