माळ्यावरच्या ट्रंकेतली कॅसेट आणि सही केलेलं कॉमिक: पैसे पाठवण्याआधी हे वाचा

मंडळी, रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जे कोणी जुने व्हिडिओ गेम आणि कॉमिक्स जमवतायत त्यांनी तरी हे नीट वाचा, कारण डुप्लिकेट माल अस्सल सांगून मला फसवणारा माणूस अजून विकतोय आणि मला आलेले तेच फोटो परवा चिपळूणच्या एका मुलाला पण आलेत.

त्याची स्टोरी ठरलेली आहे. मालवणकडे जुनं घर पाडताना माळ्यावर ट्रंक सापडली, काका बोटीवर कामाला होते, सुट्टीवर येताना पुतण्यांसाठी गेम आणायचे, आता सगळं काढून टाकायचंय. फोटोत लाल कोब्यावर मांडलेल्या गेमबॉय ॲडव्हान्सच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या, कॅसेट, मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा, आणि एका तरुण चित्रकाराने स्वतःच्या खर्चाने छापलेलं कॉमिक, सहीसकट. बोलणं पण मालवणीत, "तू आपलो माणूस म्हणान देतंय, दुसऱ्याक देवचंय नाय". समोरचा गाववाला निघाला की आपण घासाघीस पण करत नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. मी व्हिडिओ मागितला, त्याने पाठवला, व्हिडिओतली कॅसेट अस्सल होती. 11,500 रुपये यूपीआयने गेले आणि पार्सलमधून निघालं ते वेगळंच.

पोकेमॉन एमराल्ड. हा गेम जपानमध्ये 2004 ला आणि अमेरिकेत 2005 ला आला, हिरवी पारदर्शक कॅसेट. माझी चालू झाली, तासभर खेळलो, सेव्ह केलं, सकाळी बघतो तर सेव्ह गायब. त्याला कळवलं तर म्हणतो, जुनी आहे ना, बॅटरी गेली असेल, सेल बदलून घे की होईल. हे साफ खोटं आहे आणि हेच बोलून तो सगळ्यांना गप्प करतो. अस्सल एमराल्डमध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीवर, म्हणजे बॅटरीशिवाय टिकणाऱ्या चिपवर राहतं, बॅटरी फक्त आतल्या घड्याळासाठी असते. ती संपली तर गेममधली बेरीची झाडं वाढत नाहीत, शोल केव्ह नावाच्या गुहेतली भरती-ओहोटी बदलत नाही, सुरुवातीला बॅटरी संपल्याचा मेसेज येतो, पण सेव्ह जात नाही. त्यामुळे अस्सल कॅसेटवर तो मेसेज दिसला म्हणून घाबरू नका, इतक्या वर्षांनी ते होणारच, आणि सेव्ह उडतंय त्याला कोणी बॅटरीचं कारण दिलं तर तिथेच थांबा.

बाकी ओळखायचं कसं, तर खालच्या फटीतून बघा, सोनेरी पिनांच्या वर बोर्डवर निन्टेन्डो असं छापलेलं दिसायला हवं. लेबल उजेडात तिरकं धरलं की त्यावर दाबून उमटवलेला बारीक आकडा दिसतो, अमेरिकन एमराल्डच्या लेबलवर कोड एजीबी-बीपीईई-यूएसए असतो, मागचा स्क्रू तीन पात्यांचा. माझ्या कॅसेटवर लेबल चकाचक आणि आकडा नाहीच. डुप्लिकेट वाईट असं मी म्हणतच नाही हां, लहानपणी आपण टीव्ही गेमवर ज्या 60 पिनांच्या रंगीबेरंगी कॅसेट खेळलो त्यातल्या बहुतेक डुप्लिकेटच होत्या आणि त्या मला आजही प्रिय आहेत. पण डुप्लिकेट म्हणून तीनचारशेला विका ना, अस्सल सांगून हजारो कशाला घेता.

इंद्रजालचं तर काय सांगू. 1964 ते 1990 चालली ती मालिका, कागद साधा आणि पातळ. मला आली ती स्कॅनची कलर प्रिंट, कडांना चहाचं पाणी लावून पिवळी केलेली आणि पिना नव्याकोऱ्या चमकणाऱ्या. कोकणातल्या माळ्यावर इतके पावसाळे काढलेल्या पुस्तकाची पिन गंजणार नाही, कसर लागणार नाही, हे शक्य आहे का?

सगळ्यात जास्त राग आला तो त्या छोट्या कॉमिकचा. सही पेनाची नव्हतीच, प्रिंटमध्येच आलेली, मागून बोट फिरवलं तर पेनाचा दाब लागत नाही आणि भिंगातून बघितलं तर शाईऐवजी रंगाचे ठिपके. मी त्या चित्रकाराला फोटो पाठवले. त्याने मोजक्याच प्रती छापल्या होत्या आणि प्रत्येक सही वेगळ्या जागी केली होती, या सगळ्या फोटोंत मात्र ती एकाच कोपऱ्यात. पोरगा घरचे पैसे घालून पुस्तक काढतो आणि कमावतो कोण तर झेरॉक्सवाला. म्हणून अशी कॉमिक्स थेट चित्रकाराकडूनच घ्या, तो मेसेजला उत्तर देतो, खरंच देतो.

पुढचा डाव तर अजून वाईट. मी पैसे परत मागितले तर त्याने रिफंडसाठी म्हणून क्यूआर पाठवला, स्कॅन कर आणि पिन टाक. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, तिथे मी बोलणंच बंद केलं. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेलाही कळवलं. पैसे अजून आलेले नाहीत. फोन मात्र पैसे गेले की लगेच करा, रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता येते ती तेव्हाच.

आणि व्हिडिओ मागाल तर कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून तो कागद कॅसेटच्या बाजूला ठेवलेला मागा, मागचा स्क्रू काढून बोर्ड दाखवायला सांगा. लाल कोब्यावरचे ते फोटो ज्यांना आले असतील त्यांनी चॅट डिलीट करू नका, त्याचा नंबर आणि यूपीआय आयडी तुमच्या तक्रारीत जोडा, आणि चिपळूणच्या त्या मुलाने विचारलं तसं पैसे पाठवायच्या आधी मला विचारा, फोटो बघून सांगतो.