चाकावरून इंजिनाचे एचपी काढणारा जीपीएस मीटर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मीटर घेऊन आता बरेच महिने झाले, म्हणून सविस्तर लिहितो. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी आहे, डॅशबोर्डला चिकटते. सेकंदाला दहा वेळा वेग नोंदते आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ओबीडी डोंगलवरून, म्हणजे गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये खोचायच्या छोट्या उपकरणावरून घेते. बाकी गणित ॲपचं. वजन गुणिले प्रवेग म्हणजे बल, बल गुणिले वेग म्हणजे ताकद. त्यात हवा आणि टायर जे खातात ते मिळवायचं, की चाकावरचे पीएस (मेट्रिक एचपी) हातात. माझी गाडी २०१८ ची स्विफ्ट पेट्रोल, कागदावर ६००० आरपीएमला ८३ पीएस.

मुंबईकराची पहिली अडचण जागेची. कोस्टल रोडवर मर्यादा ८०, ईस्टर्न फ्रीवेवरही तेवढीच. दुसऱ्या गिअरमध्ये ६००० ला गाडी नव्वदीच्या घरात जाते, त्यामुळे मी पुण्याहून परतताना एक्सप्रेसवेवर खालापूरचा टोलनाका सोडल्यावर रन (पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून मोजणी) घेतो. तिथून तसाही वेग धरावाच लागतो आणि १०० च्या आत काम उरकतं. तिसरा गिअर रेडलाइनपर्यंत (इंजिनाच्या कमाल आरपीएमपर्यंत) ताणायचा विचार करणाऱ्यांनी सरळ डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर जावं.

वजनाचा आकडा ब्रोशरमधून उचलू नका. मी कळंबोलीच्या वजनकाट्यावर दोघं बसलेली गाडी चढवली, पावती आली १०२० किलोची. पुढेमागे ट्रकच ट्रक, काट्यावरचा माणूस ‘माल काय?’ विचारत होता. पण हे करावंच, कारण मागे एक माणूस जास्त बसला की वजन सात टक्के वाढतं आणि ॲपला ते कळवलं नाही तर पीएस जवळपास तेवढेच कमी दिसतात. उताराचंही तेच. शंभर मीटरला एक मीटर उतार डोळ्याला दिसतसुद्धा नाही, पण नव्वदीला तो साडेतीन पीएस फुकट देऊन जातो.

माझे चाकावरचे आकडे ६६ ते ७१ मध्ये फिरतात. नवी मुंबईतल्या एका ट्यूनिंगवाल्याच्या डायनोवर ७० आले, म्हणजे मीटर चांगलाच म्हणायचा. खरी गंमत पुढे. ॲपने १५ टक्के लॉस (इंजिनापासून चाकापर्यंत वाटेत जाणारी ताकद) धरून इंजिनाचे ८२ दाखवले, डायनोवाल्याने २० टक्के धरून ८८ चा ग्राफ छापून दिला. चाकं तीच, ७० तेच. ८२ बघून बरं वाटतं खरं, पण ते मोजलेलं नाही, धरलेलं आहे. गिअरबॉक्समधलं तेल घुसळण्यात, बेअरिंग-सीलमध्ये जाणारा बराचसा लॉस वेगावर अवलंबून असतो, इंजिन किती जोर लावतंय यावर नाही. उद्या टर्बो बसवून ताकद दुप्पट केली तर टक्क्यांच्या हिशोबाने लॉसही दुप्पट. हे पटतं का? शिवाय दुसऱ्या गिअरमध्ये फ्लायव्हील आणि चाकं फिरती करण्यातही ताकद जाते. ॲप तो हिस्सा धरत नसेल तर आकडा आणखी खाली येतो.

हवामानाची दुरुस्तीही बघून घ्या, म्हणजे त्या दिवशीचा आकडा एका ठरावीक हवेवर आणणं. त्याची मानकं वेगवेगळी. एसएई जे१३४९ हे २५ अंश आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेवर आधारलेलं, जुनं डीआयएन ७००२० हे २० अंश आणि १०१३ मिलिबारवर. त्यामुळे तोच रन डीआयएनमध्ये जास्त दिसतो. आपल्याकडे ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला, समुद्रसपाटीला असूनही, एसएईची दुरुस्ती दोन-तीन टक्के भरते, कारण वाफ ऑक्सिजनची जागा अडवते. भर पावसात मात्र रन घेऊच नका, चाक जरा घसरलं की सगळं मुसळ केरात.

मग उपयोग काय? आधी-नंतरची तुलना. तोच रस्ता, तेवढंच वजन, तशीच हवा. महागडा एअर फिल्टर लावून काडीचाही फरक पडला नाही, हे कळलं तेव्हाच पैसे वसूल. लॉसच्या खान्यात मी आता शून्य टाकून ठेवलंय, फक्त चाकावरचा आकडा बघतो.

सगळ्यात कामाला आला तो कोस्टडाउन, म्हणजे गाडी न्यूट्रलला सोडून वेग कसा पडतो ते बघणं. पावसाळ्यानंतर वेग आधीपेक्षा लवकर पडायला लागला. मेकॅनिकने मागचं डावं चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवलं, अर्ध्या फेरीतच थांबलं. हँडब्रेकची केबल गंजून ब्रेक शू पूर्ण सुटत नव्हते. त्या डायनोवर फक्त पुढची चाकं फिरतात, तिथे हे कधीच दिसलं नसतं.