हेडनोट की अख्खं निकालपत्र? अमेरिकी हक्कांचे खटले वाचताना

अमेरिकी सुप्रीम कोर्टाचे व्यक्तिस्वातंत्र्यावरचे निकाल वाचायला घेतले की पहिला प्रश्न हाच येतो. निकालाच्या तोंडाशी 'सिलॅबस' छापलेला असतो, म्हणजे निकालाचा थोडक्यात सारांश, आपल्याकडची हेडनोट. तेवढा वाचून पुढच्या खटल्याकडे वळायचं, की मागचं सगळं निकालपत्र वाचायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. एलएलबीची पहिली दोन वर्षं सिलॅबसवरच काढली.

सिलॅबसचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. मिरांडाचा (1966) सिलॅबस तर चांगला सविस्तर आहे. ताब्यातल्या माणसाला चौकशीआधी पोलिसांनी काय काय सांगायला हवं, ते त्यात नीट कळतं. गिडियनचंही (1963) तसंच. गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला वकील परवडत नसेल तर तो राज्याने द्यायचा, एवढं कळायला सिलॅबस पुरतो. परीक्षा आठवड्यावर आली असेल आणि यादीत तीस खटले असतील, तर मीही तुम्हाला हेच सांगेन.

माझं अडलं ते कॅट्झपाशी. 1967चा निकाल. लॉस एंजेलिसमधल्या सार्वजनिक टेलिफोन बूथमधून कॅट्झ मायामी आणि बॉस्टनला जुगाराची माहिती कळवत असे. एफबीआयने बूथच्या बाहेरून, वॉरंट न घेता, त्याचं बोलणं टिपलं. ही झडतीच झाली, आणि वॉरंटशिवाय ती चौथ्या घटनादुरुस्तीत (अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या) बसत नाही, असं कोर्टाने ठरवलं. निबंधासाठी मला 'खासगीपणाची वाजवी अपेक्षा' या संज्ञेचा उगम दाखवायचा होता. जो तो कॅट्झकडे बोट दाखवतो, म्हणून मीही ती बहुमताच्या नावावर लिहून मोकळा झालो. मग पान क्रमांक द्यायला सिलॅबस उघडला, तर त्यात ती नाही. न्या. स्ट्युअर्ट यांचा बहुमताचा निकाल ओळ न् ओळ वाचला, त्यातही नाही. सापडली ती न्या. हार्लन यांच्या स्वतंत्र सहमतीत (निकाल मान्य, पण स्वतःची कारणं वेगळी लिहिलेलं मत), जेमतेम दोन-तीन पानांच्या मतात. माणसाला स्वतःला खासगीपणाची अपेक्षा होती का, आणि समाज ती वाजवी मानायला तयार आहे का, अशी ती दुहेरी कसोटी. 1979मध्ये स्मिथ वि. मेरीलँडमध्ये कोर्टाने तीच वापरली, आणि खासगीपणाला मूलभूत हक्क मानणाऱ्या आपल्या पुट्टस्वामी निकालातही (2017) कॅट्झची चर्चा आहे. एवढी चाललेली संज्ञा, आणि सिलॅबसमध्ये तिचा पत्ता नाही! निबंधाचा तो भाग मी पुन्हा लिहिला.

यात सिलॅबस लिहिणाऱ्याची चूक नाही. सिलॅबस म्हणजे कोर्टाचं मत नव्हे, तो रिपोर्टर (निकाल छापण्याचं काम पाहणारा कोर्टाचा अधिकारी) वाचकांच्या सोयीसाठी तयार करतो, अशी टीप आता प्रत्येक निकालावर 1906च्या डेट्रॉइट टिंबर खटल्याचा हवाला देऊन छापलेली असते. त्याचं काम बहुमताने काय ठरवलं ते सांगण्याचं. पण हक्कांच्या खटल्यांत पुढे उपयोगी पडणारं वाक्य बरेचदा बहुमताबाहेर असतं. जपानी वंशाच्या नागरिकांना घरादारातून हलवणारा आदेश कोरेमात्सुमध्ये (1944) वैध ठरला. 2018मध्ये ट्रम्प वि. हवाईच्या निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी तो चुकीचा होता असं म्हटलं, तेव्हा शब्द घेतले न्या. जॅक्सन यांच्या विरोधी मतातले. आपल्याकडे पोलिसांच्या पाळतीवरच्या खरक सिंग खटल्यातलं, खासगीपणाला हक्क मानणारं न्या. सुब्बा राव यांचं अल्पमत आठवा.

वेळ जातो, हे मान्य. मोबाइलच्या ठावठिकाण्याच्या नोंदींवरचा कार्पेंटर (2018) शंभरावर पानांचा आहे. आता मी सिलॅबस आधी वाचतो, तो नकाशा म्हणून. मग थेट सहमतीची आणि विरोधी मतं, आणि बहुमत शेवटी. तुमची पद्धत वेगळी असू शकेल. पण निदान कार्पेंटर तरी असा वाचून पाहा. सिलॅबसच्या शेवटी चार न्यायमूर्तींच्या नावांपुढे फक्त 'विरोधी' एवढंच लिहिलंय. त्यातले न्या. थॉमस कॅट्झची कसोटीच मोडीत काढायला निघालेत, तर न्या. गॉर्सच या नोंदींवर ग्राहकाचाच मालकीहक्क असू शकतो, असं सुचवतायत. आरोपी कार्पेंटरने तो मुद्दा वेळेत मांडला नाही, ही त्यांची तक्रार आहे.