एफ-ड्रॉइड : दीड वर्षाच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यात इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीतील एका काकांच्या व्हॉट्सॲपवर वाहतूक दंडाच्या चलानाच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली. त्यांनी ती उघडली आणि त्यांचे ओटीपी परस्पर दुसऱ्याच कुणाच्या हाती पडू लागले. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच तक्रार केल्यामुळे थोडक्यात निभावले. पण तेव्हापासून ‘प्ले स्टोअरच्या बाहेरचे काहीही घ्यायचे नाही’ असा सोसायटीत जणू ठरावच झाला. मी एफ-ड्रॉइड हे स्वतंत्र ॲप स्टोअर वापरतो हे ठाऊक असल्याने माझ्याकडेही संशयाने पाहिले गेले.

हा संशय अगदीच निराधार नाही. २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने उघडकीस आणलेला ‘एजंट स्मिथ’ हा घातक प्रोग्राम सुमारे अडीच कोटी फोनमध्ये शिरला होता, त्यांतील दीड कोटींच्या आसपास फोन भारतातले होते, आणि तो पसरला होता ९ॲप्स या बाहेरच्याच स्टोअरमधून. एप्रिल २०२१ मध्ये तर एपीकेप्युअर या स्टोअरच्या स्वतःच्याच ॲपमध्ये जाहिरातींच्या आडून घातक कोड घुसल्याचे आढळले. म्हणजे माल सोडाच, दुकानच बाधित. मात्र या सगळ्यांना ‘बाहेरचे’ म्हणून एकाच दावणीला बांधणे बरोबर नाही, कारण एफ-ड्रॉइडची कामाची रीत मुळातच वेगळी आहे.

२०१० पासून चालत आलेल्या या स्टोअरमध्ये केवळ मुक्त स्रोत ॲप, म्हणजे ज्यांचा मूळ कोड कुणालाही पाहता व वापरता येतो अशीच ॲप मिळतात. विकसकाने तयार करून पाठवलेली फाइल तशीच पुढे सरकवण्याऐवजी एफ-ड्रॉइड बहुतेक वेळा त्याचा उघडा सोर्स कोड घेऊन आपल्याच सर्व्हरवर ॲप नव्याने बांधते आणि त्यावर आपली डिजिटल सही, म्हणजे ॲप कुणी बांधले हे फोनला ओळखता येणारी खूण, करते. त्यामुळे जाहीर केलेला कोड एक आणि फोनमध्ये उतरलेले ॲप भलतेच, ही शक्यता बरीच कमी होते. याची दुसरी बाजू अशी की आपला विश्वास शेकडो विकसकांवरून उठून एकाच बांधणाऱ्यावर येऊन ठेपतो; तो सर्व्हर किंवा ती सहीची किल्ली कुणाच्या हाती गेली तर सगळेच गेले. यावर उतारा म्हणून ‘पुनरुत्पाद्य बांधणी’ची सोय आहे : विकसकाने बांधलेले आणि एफ-ड्रॉइडने बांधलेले ॲप तंतोतंत जुळले, तर विकसकाचीच सही कायम ठेवली जाते. ही सोय अजून सर्व ॲपना लागू नाही, आणि माझ्या मते परीक्षणात गुण कापायचे तर ते इथेच.

खाते उघडावे लागत नाही. ईमेल नाही, मोबाइल क्रमांक नाही. २०२० मध्ये ॲप्टॉइड या दुसऱ्या एका ॲप स्टोअरच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांची माहिती बाहेर फुटली होती. जिथे माहिती गोळाच होत नाही, तिथे फुटण्यासारखे फारसे काही उरत नाही.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ॲपच्या पानावरच छापलेले दोष. जाहिराती आहेत, माग काढला जातो, ॲप एखाद्या बंदिस्त सेवेवर अवलंबून आहे, असे इशारे ‘इन्स्टॉल’ दाबण्याआधीच दिसतात. दुकानदाराने आपल्याच मालाची खोट पाटीवर लिहून ठेवावी, हे आमच्या एम. जी. रोडच्या मोबाइल बाजारात कुणाला पटणार नाही. उघड्या कोडचा आणखी एक फायदा असा : २०२३ च्या अखेरीस ‘सिंपल मोबाइल टूल्स’ हा लोकप्रिय ॲपसंच दुसऱ्या कंपनीला विकला गेला, तेव्हा त्याच उघड्या कोडवरून काही जणांनी ‘फॉसिफाय’ हा नवा संच उभा केला. माझ्या फोनमधली गॅलरी आणि कॅलेंडर आज त्याच संचातले आहेत. मालक बदलला म्हणून आपले साधन हातचे गेले नाही.

अडचणीही आहेत. नवी आवृत्ती विकसकाने जाहीर केल्यावर इथे पोहोचायला काही दिवस लागू शकतात, आणि सुरक्षेतील त्रुटी बुजवणारी आवृत्ती असेल तर ते दिवस महत्त्वाचे ठरतात. दुसरी अडचण मी स्वतःच्या घाईने ओढवून घेतली. प्ले स्टोअरमधून घेतलेल्या नोंदवहीच्या ॲपवर एफ-ड्रॉइडची आवृत्ती चढवू पाहिली, तर अँड्रॉइडने ‘ॲप इन्स्टॉल झाले नाही’ एवढेच सांगितले. दोन्हींवरच्या सह्या वेगळ्या असल्याने ते योग्यच होते. मी मात्र बॅकअप न घेता जुने ॲप काढून टाकले आणि चार महिन्यांचा किराणा हिशेब गमावला. घरून व्हायचे ते बोलणे झालेच.

एफ-ड्रॉइडमध्ये बाहेरची भांडारेही, म्हणजे इतरांनी चालवलेले ॲपसंग्रह, जोडता येतात. तिथल्या ॲपची जबाबदारी त्या त्या भांडाराची असते, हे न कळता जोडत सुटणाऱ्याने सुरक्षेच्या गप्पा मारू नयेत. शिवाय स्वयंचलित तपासणी आणि स्वयंसेवकांची नजर म्हणजे प्रत्येक ओळ वाचून दिलेली हमी नव्हे. बँकेचे व यूपीआयचे ॲप इथे मिळत नाहीत. ते प्ले स्टोअरमधूनच घ्यावेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की प्रमाणित (गूगलची मान्यता असलेल्या) अँड्रॉइड फोनवर ओळख पडताळलेल्या विकसकांचीच ॲप इन्स्टॉल व्हावीत अशी व्यवस्था आणली जाईल, आणि तिची सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये होईल. एफ-ड्रॉइडने याला उघड विरोध केला आहे. फसवणूक रोखण्याचा हेतू मला मान्य आहे. पण मोफत ॲप लिहून देणाऱ्या हौशी माणसाने आपली ओळख एका कंपनीकडे का नोंदवावी, हा त्यांचा प्रश्नही रास्त वाटतो.

नोंदी, नकाशे, पॉडकास्ट आणि फाइल हाताळणे यांसाठी मी एफ-ड्रॉइडला पाचपैकी चार गुण देईन. काकांच्या फोनमध्ये मात्र मी ते बसवून दिले नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन व्हॉट्सॲपला दिलेली ‘अज्ञात ॲप इन्स्टॉल करा’ ही परवानगी तेवढी बंद केली, आणि ती कुठे असते ते त्यांच्याकडून दोनदा उघडून घेतले.