ऑडॅसिटी, सॉक्स की एफएफएमपेग? घरी मोजून पाहिल्यानंतरचा अनुभव

माझ्याकडे येणारी ध्वनिमुद्रणे दोन टोकांची असतात: गंगापूर रोडवरच्या घरगुती बैठकींतले ख्यालगायन, आणि गणेशोत्सवाच्या आधी मोकळ्या मैदानांवर चालणारा ढोल-ताशा पथकांचा सराव. मूळ फाइल ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिटची, म्हणजे सेकंदाला ९६ हजार नमुने (सॅम्पल) आणि प्रत्येक नमुना २४ बिटचा, अशी असते आणि तासाभराच्या स्टिरिओ मुद्रणाला साधारण २ जीबी जागा लागते. गाणाऱ्यांना सीडीच्या दर्जाची ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिटची प्रत हवी असते, तर पथकांना व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्‌झची. हे रूपांतर मी गेल्या गणपतीपासून ऑडॅसिटी (पडद्यावर संपादन करायचे), सॉक्स आणि एफएफएमपेग (दोन्ही कमांड लिहून चालवायची) या तीन मोफत सॉफ्टवेअरांवर आलटूनपालटून करत आहे. ‘कोणाचा आवाज गोड’ या वादात न पडता तिघांचे आउटपुट मोजूनच पाहावे, असे ठरवले.

प्रथम ऑडिओ इंटरफेसचे (आवाज संगणकात नेण्या-आणण्याच्या यंत्राचे) आउटपुट त्याच्याच इनपुटला केबलने जोडून पाहिले. या पद्धतीत सॉफ्टवेअर मोजले जात नाही, घरातली वीज मोजली जाते. आलेखात ५० हर्ट्‌झ आणि त्याच्या पटीतले १००, १५० हर्ट्‌झचे सुळके उभे राहतात, लॅपटॉपचा चार्जर काढला की ते बरेच खाली बसतात, आणि तरीही उरलेल्या खरखरीखाली तिन्ही सॉफ्टवेअरांतले फरक बुडून जातात. त्यामुळे पुढचे सारे मोजमाप फाइलवरून फाइलवर, मध्ये कोणतेही यंत्र न आणता केले.

रीसॅम्पलिंग, म्हणजे दर सेकंदाच्या सॅम्पलची संख्या बदलणे, तपासण्यासाठी शून्यापासून ४८ किलोहर्ट्‌झपर्यंत चढत जाणारा स्वर तयार केला, तो ४४.१ वर आणला आणि स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार कंपनसंख्या दाखवणारा आलेख) काढला. २२.०५ किलोहर्ट्‌झच्या वर, म्हणजे ४४.१ च्या निम्म्याच्या वर, गेलेला स्वर नाहीसा व्हायला हवा. तो परत खाली उतरताना दिसला, तर वरचे स्वर अडवणारी गाळणी (फिल्टर) कमी पडली असे समजावे. सॉक्सच्या सर्वोच्च दर्जाच्या सेटिंगमध्ये, १२० डेसिबलच्या पट्टीवर, काहीही परतले नाही. एफएफएमपेगच्या मूळ सेटिंगमध्ये वरच्या टोकाला एक पुसट रेघ परतते. त्याच एफएफएमपेगला ‘सॉक्सार’ हा रीसॅम्पलर वापरायला सांगितले की ती जाते. ऑडॅसिटीही २०१३ पासून हीच लायब्ररी वापरते, म्हणून तिथे वेगळे काही निघण्याची अपेक्षा नव्हती आणि निघालेही नाही. ती पुसट रेघ मला ऐकू येत नाही, आणि ज्यांना येते असे ते म्हणतात, त्यांच्या कानांविषयी मला आदरयुक्त शंका आहे.

खरा फरक १६ बिटवर उतरताना पडतो. उणे ९० डेसिबलचा, १ किलोहर्ट्‌झचा स्वर घेतला, तर १६ बिटमध्ये त्याच्या वाट्याला जेमतेम एक पायरी वर आणि एक पायरी खाली एवढीच जागा येते. एफएफएमपेग मुळात डिथर, म्हणजे या पायऱ्यांची कड मोडण्यासाठी मुद्दाम मिसळलेली सूक्ष्म खरखर, घालत नाही. त्यामुळे गोल लाटेच्या जागी तीन पातळ्यांचा जिना उरतो आणि आलेखात ३, ५, ७ किलोहर्ट्‌झला मूळ फाइलमध्ये नसलेले स्वर दिसतात. सॉक्स डिथर आपणहून घालतो, त्यामुळे हलक्या सरसरीत मूळ स्वर शाबूत राहतो. बैठक संपल्यावर तानपुरा हळूहळू विरत नेला आणि हेडफोनचा आवाज बराच वाढवला, तर डिथर नसलेली शेपटी दाणेदार होत तुटते. एफएफएमपेगमध्ये त्रिकोणी डिथर मागून घेता येते. ते मागितलेच पाहिजे.

ऑडॅसिटीच्या जुन्या आवृत्त्यांचे उलटे आहे. १६ बिटची फाइल उघडून काहीही न करता १६ बिटमध्येच एक्स्पोर्ट केली, तरी त्या मूळ सेटिंगनुसार डिथर घालतात. दोन फायलींपैकी एकीची लाट वरची खाली अशी उलटी करून ती दुसरीत मिसळली असता शांतता मिळायला हवी, तिथे वरच्या पट्टीतली बारीक फुसफुस मिळते. केवळ कापाकापी करायची असेल, तेव्हा क्वालिटीच्या सेटिंगमध्ये डिथर बंद करावे.

ढोल-ताशाची अडचण निराळी. काठीच्या प्रत्येक आघाताचे खरे शिखर दोन सॅम्पलच्या मधे पडू शकते. कसोटीसाठी ४४.१ वर ११,०२५ हर्ट्‌झचा स्वर ४५ अंशांच्या फेजने (लाटेची सुरुवात तेवढी सरकवून) घेतला आणि त्याचे सॅम्पल ० डेसिबलपर्यंत चढवले. मीटर ० दाखवतो, पण लाट प्रत्यक्षात ३ डेसिबल वर असते आणि ४८ वर नेताना १६ बिटमध्ये छाटली जाते. किती सॅम्पल छाटले हे सॉक्स टर्मिनलवर सांगतो, एफएफएमपेग मुकाट्याने छाटतो, आणि ऑडॅसिटी आतून ३२ बिट फ्लोटमध्ये (० च्या वरची पातळीही सांभाळणाऱ्या आकड्यांत) चालत असल्याने एक्स्पोर्टपर्यंत काही बिघडत नाही.

आता संपादन ऑडॅसिटीत आणि सीडीची प्रत सॉक्सने, अशी विभागणी कायम झाली आहे. सॉक्सची १४.४.२ ही आवृत्ती २०१५ ची असली, तरी या कामात तिचे वय जाणवत नाही. पथकांच्या व्हिडिओसाठी मात्र एफएफएमपेगला पर्याय नाही. खरे शिखर प्रक्षेपणातल्या आवाजाच्या पातळीविषयीच्या युरोपीय आर१२८ शिफारशीप्रमाणे उणे १ डेसिबलच्या आत आहे ना, हेही त्यातच तपासता येते. आवाजाची पातळी ठरावीक मापाला आणणारा त्याचा ‘लाउडनॉर्म’ फिल्टर वापरणाऱ्यांनी आउटपुटचा सॅम्पल रेट कमांडमध्ये स्वतः लिहावा, अन्यथा हा फिल्टर आतल्या आत आवाज १९२ किलोहर्ट्‌झवर नेतो आणि वेव्ह फाइलही त्याच सॅम्पल रेटची बाहेर पडते.